आतल्या खोलीचे दार

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी थंडी होती. पत्नीला सातच्या नंदुरबार गाडीत बसवून दिले. ती पुढे खांडबाऱ्याला बहिणीकडे जाईल आणि उद्या परत येईल. घरी आलो, आंघोळ केली, चहा घेतला आणि दहा वाजता कागद घेऊन बसलो. आदरणीय शैलाताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात मी लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा मी नाही म्हटले होते. दुसऱ्या पत्राला उत्तरच दिले नाही. तिसऱ्या पत्रात समितीने माझा उल्लेख ‘ग्रामसभेत ताईंच्या पाठीशी ठामपणे उभे राहिलेले पालक’ असा केला आहे. तो बरोबर नाही. ग्रंथात चुकीचे छापले जाऊ नये, म्हणून शेवटी लिहायला घेतले.

मी लेखक नाही. शहाद्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त आहे. जे दिसले ते नोंदवायचे, एवढीच सवय आहे. त्यामुळे या लेखात ताईंची थोरवी सांगताना माझ्या मनात त्या वेळी जे होते तेही येईल. मला ताईंचा मत्सर वाटत होता. पुष्कळ वर्षे वाटत होता. तो वगळून मला त्यांच्याविषयी काही खरे लिहिता येणार नाही.

आमची पहिली भेट माझ्याच ओट्यावर झाली. माझी मुलगी हर्षदा तेव्हा नववीत होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या जिल्ह्यात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. दुखणे उठले की ती दोन-दोन दिवस अंथरुणात कण्हत असायची. भरपूर पाणी पाजा, थंडीला जपा आणि दमवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यातले ‘दमवू नका’ मी फारच मनावर घेतले होते. शाळा आणि घर यांपलीकडे मी तिला कुठे जाऊ देत नव्हतो. लोणखेड्याला माझ्या भावाकडे हळद होती, तिथेही ती खुर्चीवर बसून होती.

गावात तरुण मुलामुलींसाठी केंद्र सुरू होत आहे, हे कानावर आले होते. एका संध्याकाळी ते सुरू करणाऱ्या ताई दारात उभ्या राहिल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात प्लॅस्टिकच्या चपला. मी खुर्ची दिली. त्या ओट्याच्या कडेला हर्षदाजवळ बसल्या आणि तिलाच म्हणाल्या, “खो-खोला यायचंय का तुला?”

मी म्हटले, “तिची तब्येत बरी नसते.”

“ते तुम्ही सांगितलंत, भाऊ. ती काय म्हणते?”

हर्षदाने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले आणि “येते” म्हणाली. मला न विचारता तिने कशाला तरी होकार दिल्याचे मी प्रथमच पाहिले. ताई मला पहिल्या भेटीत आवडल्या नाहीत, ते यामुळे.

ताईंचा जन्म धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा. घरी पावरी बोलत. आश्रमशाळेत घातले तेव्हा बाईंची भाषा त्यांना कळेना आणि त्यांची बाईंना. पहिली दोन वर्षे त्या वर्गात बोलल्याच नाहीत. हे त्यांनी मला एकदा हसत सांगितले होते. “दोन वर्षं गप्प बसलेल्या पोरीला ऐकायला चांगलं येतं, भाऊ.” केंद्रात त्यांनी कधी कुणाला ‘नीट मराठीत बोल’ म्हटले नाही. सपाटीवरच्या मुलांशी त्या अहिराणीत बोलतात, डोंगरातल्या मुलांशी पावरीत आणि माझ्यासारख्या नोकरदारांशी पुस्तकी मराठीत.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीचे खताचे जुने गोदाम. पुढे मोठी जागा आणि मागे एक लहान खोली. सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पळायला जमतात. संध्याकाळी मुलींचा खो-खो असतो. दुपारी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, कॉलेजचे प्रवेश ही कामे चालतात. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेले, की मागे राहिलेल्या मोठ्या मुलींवर घर पडते. त्या मुलींचे कॉलेज सुटू नये म्हणून ताई त्यांच्या घरी स्वतः चक्कर टाकतात.

कामाची त्यांची एक रीत आहे. त्या मुलांसाठी काम करत नाहीत, मुलांच्या शेजारी उभ्या राहतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या दाखल्यात आजोबांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लागले होते. त्याची आई ताईंना म्हणाली, “तुम्हीच बोला ना सायेबाशी, तुमचं ऐकतात ते.” ताई त्याच्याबरोबर तहसीलला गेल्या आणि दारात त्याला म्हणाल्या, “साहेबांशी तू बोलायचं. मी इथे आहे.” तो मुलगा त-त-प-प करत बाहेर आला. ताईंनी त्याला पुन्हा आत पाठवले. तिसऱ्या फेरीत काम झाले. आज तोच मुलगा गावातल्या इतरांना घेऊन तहसीलला जातो. हे सगळे मी तेव्हाही पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई चांगली आहे, पण माझ्या मुलीपासून लांब राहील तर बरे.

तसे झाले नाही. हर्षदा रोज संध्याकाळी जाऊ लागली. ताईंनी तिला पळायला लावले नाही. तिला पंच केले. पंचालाही थकवा येतो, म्हणून मी पहिले काही दिवस कुंपणाबाहेर सायकल लावून उभा राहायचो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. खेळ ऐन रंगात असताना शिट्टी वाजे आणि सगळ्या मुली पळत जाऊन माठातले पाणी पीत. थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी, पुन्हा पाणी. कुणाला तहान लागली आहे की नाही, हे विचारायचे नाही. शिट्टी झाली की सगळ्यांनी एकेक पेला संपवायचा, पंचानेही. मला वाटले, खेळाचा काही नवा नियम असेल.

नियम नव्हता. आजारी मुलगी एकटीच पाणी पीत राहिली की सगळ्या तिच्याकडे बघतात. ते होऊ नये म्हणून ताईंनी सगळ्या मैदानाला पाणी प्यायला लावले होते. मी घरी सहा-सात वर्षे ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणत तिच्या मागे तांब्या घेऊन फिरलो होतो. ती तो जास्वंदीत ओतायची, हे मला माहीत होते. तिथे मात्र ती तोंडातली शिट्टी बाजूला करायची आणि घटाघटा पेला संपवून हसायची.

त्या दिवशी घरी येऊन मी पत्नीला म्हटले, “तिथे पिते. आपण दिलं की विष दिल्यासारखं तोंड करते.”

पत्नी भाकरी थापत होती. म्हणाली, “पोर पानी पी ऱ्हायनी ना? मंग कोना हातनं पीस, ते कसाले देखतस? तुम्हना जीव जळी ऱ्हायना, दुसरं काय!”

तिने नेमके सांगितले होते. मी ताट ओढून जेवायला बसलो.

त्यानंतर हर्षदाची दुखणी कमी झाली. बारावी झाली, शहाद्याच्या कॉलेजात बी.ए.ला जाऊ लागली. पण घरी तिचे बोलणे मोजके. “काय झालं आज?” “काही नाही.” तीच मुलगी केंद्राच्या पायरीवर हातवारे करून बोलताना मी रस्त्यावरून पाहत असे.

आता मागच्या लहान खोलीविषयी. मुलामुलींना काही सांगायचे असेल तर त्यांनी त्या खोलीत यावे, दार लावावे, आणि आत बोललेले बाहेर जाणार नाही, असा ताईंचा शब्द आहे. घरातले वाद, लग्नाची जबरदस्ती, नापास झाल्याची भीती, कुणी दिलेला त्रास, असे बोलणे तिथे होत असणार. आपल्या गावात माणूस दिसला नाही तरी चपलांवरून ओळखतात. म्हणून त्या खोलीत जाताना चपला हातात घेऊन आत जायचे, बाहेर काढायच्या नाहीत, अशी पद्धत ताईंनी घातली. मुलांना ती माहीत होती. आम्हा पालकांना नव्हती.

हर्षदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी मी तिची गोळी घेऊन केंद्रावर गेलो. सकाळी ती विसरून गेली होती. बाहेर चपलांची रांग होती, तिची निळ्या पट्ट्याची चप्पल त्यात नव्हती. दाराशी बसलेल्या मुलीला विचारले, “हर्षदा कुठंय?”

“माले नही माहित, काका.”

तिच्या तोंडावरून कळत होते की तिला माहीत आहे. माझ्या मनात नको ते आले. मी स्टँडवर गेलो, पानाच्या दुकानात विचारले, रसवंतीवर विचारले, “आमनी पोर दिखनी का?” असे म्हणत शहादा रस्त्याने पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. परतलो तोवर गावात बातमी झाली होती की अमक्याची मुलगी कुणाबरोबर तरी गेली. हर्षदा केंद्राच्या पायरीवर चपला हातात घेऊन उभी होती. तिने त्या खाली टाकल्या, पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागली. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतेही बोलली नाही.

ताई त्याच संध्याकाळी घरी आल्या. म्हणाल्या, “चूक माझी आहे, भाऊ. चपलांचं पालकांना सांगायला हवं होतं.” तेव्हापासून दर वर्षी पहिल्या बैठकीत त्या सगळ्या आई-बापांना हे सांगतात आणि आपल्याकडून काय चुकले होते तेही सांगतात, माझे नाव न घेता. मी त्या दिवशी त्यांना बसा म्हटले नाही.

दोन महिन्यांनी हर्षदाच्या छातीत संसर्ग झाला. नंदुरबारला दवाखान्यात दाखल केले. पत्नीला थोडे पडता यावे म्हणून ताई दिवसा येऊन बसत. हर्षदाने वेणी त्यांच्याकडून घालून घेतली. पत्नी म्हणाली, “घालू द्या, मन्हा हात जड शे.” मी खिडकीशी उभा होतो. पाचव्या दिवशी हर्षदा गेली.

याविषयी मी जास्त लिहीत नाही. गर्दी होती त्या दिवसांत ताई पुढे आल्या नाहीत. मागच्या अंगणात बायकांबरोबर भांडी घासत होत्या.

महिना झाल्यावर मी केंद्रावर गेलो. मागच्या खोलीतच बसलो. चपला बाहेरच काढल्या होत्या. मी विचारले, “त्या दिवशी मी तिला गावभर शोधत होतो, तेव्हा ती इथे काय बोलत होती?”

ताईंनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली.

“माझ्याबद्दल बोलत होती का? मी तिला कोंडून ठेवलं असं म्हणाली का? काय असेल ते सांगा. मी ऐकून घेईन.”

“भाऊ, ती असती तर तिला विचारून सांगितलं असतं. आता कुणाला विचारू?”

“मी बाप आहे तिचा.”

“आहातच. मी नाही म्हटलं का?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तरीही त्या म्हणाल्या, “पण सांगणार नाही.”

मी उठून आलो. त्या दिवसाइतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. माझ्या मुलीचे शेवटचे मोकळे बोलणे एका परक्या बाईकडे होते आणि ती ते देत नव्हती. वर्षभर मी केंद्राच्या रस्त्याने गेलो नाही. किराण्याला लांबून वळसा घालून जायचो.

त्यानंतरची ग्रामसभा. आमच्या शेजारच्या शांतारामभाऊंच्या मुलीने सुरतकडचे एक स्थळ नाकारले. ती मागच्या खोलीत जात होती, हे त्यांना समजले. त्यांनी ताईंना विचारले, ताईंनी सांगितले नाही. मग शांतारामभाऊंनी अर्ज दिला की गोदाम ग्रामपंचायतीचे आहे, त्यामुळे मागच्या खोलीचे दार काढून टाकावे, आत काय चालते ते दिसले पाहिजे. सह्या बऱ्याच झाल्या होत्या. ते माझ्याकडे आले. “भाऊ, तुम्ही उठीसन बोला. तुम्हनं तं सर्वांपेक्षा जास्त गयं.”

मी सही केली आणि सभेलाही गेलो. दार निघावे, असेच मला वाटत होते. समितीने हे वाचून घ्यावे.

ताई एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. दार गेले तर मुले येणार नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी उभा राहिलो. सभेत बोलायची मला सवय नाही. म्हणालो, “माझी मुलगी वारली. मी या बाईंच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. ती काय बोलली, एक वाक्य सांगा म्हटलं. मेलेल्या मुलीचं एक वाक्य यांनी तिच्या बापाला सांगितलं नाही. अशी ही बाई आहे.”

मला वाटले, आता लोक भडकतील. पण मागून बायकांच्या घोळक्यातून एक जण उठली. ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी होती. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, “मंग ते तं चांगलंच शे! मरेल पोरनं सांगत नही, तं जित्तीनं काय सांगी? मन्ही पोरले मी तठेच धाडसू.”

कुणीतरी हसले. आणखी दोघी-तिघी ‘हो ना’ म्हणाल्या. शांतारामभाऊ माझ्याकडे बघत राहिले. दार राहिले.

म्हणजे मी ताईंच्या पाठीशी उभा नव्हतो. मी त्यांच्या विरोधात बोललो होतो आणि लोकांनी ती त्यांच्या बाजूची साक्ष मानली. दुसऱ्या दिवशी ताई घरी आल्या. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, काल चिडून बोललात ना?”

“हो.”

“मला वाटलंच. चहा ठेवायला सांगा.”

पत्नी आतून म्हणाली, “ठेवा तुम्हीच. सभामा तोंड चालनं, आते हात चालू द्या.” ताई मोठ्याने हसल्या. मी चहा केला. साखर जास्त झाली होती, तरी त्यांनी पूर्ण घेतला. आभार मानले नाहीत आणि मीही काही खुलासा केला नाही.

सभेत ती बाई जे एका क्षणात समजली, ते समजायला मला आणखी पुष्कळ दिवस लागले. मला न सांगणे ताईंना सोपे गेले नसणार. दोन बऱ्या वाक्यांनी त्यांना माझी समजूत घालता आली असती. खोटे सांगितले असते तरी मी विश्वास ठेवला असता. त्यांनी माझा राग आणि लांबून वळसा घालणे पत्करले, पण गेलेल्या मुलीला दिलेला शब्द मोडला नाही.

आता दर बुधवारी मी केंद्रात अकरावी-बारावीच्या मुलांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या बघतो. पाण्याची शिट्टी अजून वाजते. आजच्या मुलींना ती का वाजते हे माहीत नाही. पंच म्हणून आता नवापूरकडची एक मुलगी आहे. मुले मला आम्ल आणि अल्कलीचे प्रश्न विचारतात. ताई आत आल्या की वह्या मिटतात आणि खरे बोलणे सुरू होते. अजूनही मला ते थोडे लागते. साठीच्या माणसाने मनात ठेवायची ही गोष्ट नाही, पण आहे.

या ग्रंथाच्या वाचकांत तालुक्यातले पालक असतील. त्यांना मी एवढेच सांगू शकतो. तुमच्या मुलामुलींना तिथे जाऊ द्या. ती तिथे जे बोलतील ते तुम्हाला कळणार नाही. मला कळलेले नाही. हर्षदा माझ्याविषयी काय बोलली, चांगले की वाईट, की माझे नावही घेतले नाही, हे मी आता विचारत नाही.

आदरणीय शैलाताईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे. गुडघ्यांचे दुखणे कमी व्हावे, डोळ्यांचे ऑपरेशन त्यांनी यंदा तरी करून घ्यावे, आणि त्या शंभर वर्षे जगाव्यात. यात माझा स्वार्थ आहे. माझी मुलगी जे बोलली ते फक्त त्यांच्यापाशी आहे. त्या आहेत तोवर ते आहे.

लेख संपला तेव्हा तीन वाजले होते. अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या आहेत. मी बाहेर जाऊन त्या हाताने खालीवर केल्या, सावलीत गेलेल्या उन्हात ओढल्या आणि बोटे साबणाने दोनदा धुतली.